निघायची बॅटरी

आमच्या गाडीत बॅटऱ्या दोन.
एक राहायची, एक निघायची.
राहायची पलंगाखाली, उबेत.
निघायची पुढे बॉनेटखाली,
जिथं समुद्राचा खार पत्र्याला मुंग्यांसारखा लागतो.

सप्टेंबरात एम्लिननं छपरावर काळी पाटी बसवली,
उन्हावर चालणारी. शिडी मी धरली होती.
"आता काळजी मिटली," म्हणाला,
आणि मिटलीच म्हणायची. हिवाळाभर
दिवा लागला, पंप चालला, रेडिओ बोलला.
रविवारी आम्ही गाडीत जाऊन चहा प्यायचो,
जणू परगावी आलोय,
घरापासून चाळीस पावलांवर.
भिंतीवरचा आकडा कायम हिरवा: तेरा पॉइंट दोन.
पाहणाऱ्याला वाटावं, भरलं घर.

नाताळात हेविनचं कार्ड आलं होतं श्रूजबरीहून.
बापाची होडी न विचारता विकली
तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. सहा वर्षं.
कार्डावर दोनच ओळी:
गुडघा नवा बसवलाय.
ये.

एम्लिननं ते काचेपाशी खोचून ठेवलं.
"ऊन पडू दे," म्हणाला.
मग म्हणाला, "वारा पडू दे."
मग काहीच म्हणाला नाही.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला ऊन पडलं. वाराही पडला.
मी सँडविच बांधली, त्यानं बूट पुसले,
चावी फिरवली.
टक्.
एवढंच. दाराआड कुणीतरी
जीभ टाळ्याला लावून सोडावी तसं.

वर दिवा लख्ख. पंप तयार. रेडिओवर कोरस चालू.
आणि गाडी जागची हलेना.
मी त्याच्याकडे पाहिलं.
पाहायला नको होतं.
त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती,
शाळा बुडालेल्या पोरासारखी.

गेथिन ट्रॅक्टर घेऊन आला, मीटर लावला.
नऊ पॉइंट आठ.
मग त्यानं डॅशबोर्डवरच्या लाल ठिपक्याकडे बोट केलं.
चोरासाठी बसवलेला डोळा,
तीन सेकंदांनी एकदा उघडझाप,
ऑक्टोबरपासून रात्रंदिवस.
कुंपणानंच शेत खाल्लं,
तेही इतकं हळू
की शेताला पत्ता नाही.

"आणि वरचं ऊन?" मी विचारलं.
"ते सगळं पलंगाखाली जातंय, बाई.
मागची जेवून ढेकर देतेय,
पुढचीला कुणी विचारलंच नाही."

आडात होतं. पोहऱ्यात टिपूस नव्हता.

त्यानं खिशातून साबणाच्या वडीएवढी डबी काढली,
दोन तारा, एक फ्यूज.
मागची भरली की उरलेलं
थेंब थेंब पुढचीला जाऊ द्यायचं,
एवढंच तिचं काम.
एम्लिन गुडघे टेकून टॉर्च धरून बसला.
त्याचा हात हलत होता. गेथिन म्हणाला, "स्थिर धर."
मी म्हटलं नाही.

पुढं नऊ दिवस तो रोज सकाळी मीटर घेऊन जायचा.
परत येऊन आकडा सांगायचा, न विचारता,
भाजी किती उगवली सांगावं तसा.
अकरा पॉइंट नऊ.
बारा पॉइंट दोन.
एके दिवशी धुकं होतं, आकडा तोच राहिला,
तर दुपारी पुन्हा जाऊन बघून आला.
त्याच रात्री, दिवा मालवल्यावर, अंधारात म्हणाला,
"होडी तशीही गळत होती."

मी उत्तर दिलं नाही.
काही गोष्टींना जास्त करंट सोसत नाही.

बारा पॉइंट सहाला त्यानं चावी फिरवली.
इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, लागलं.
आणि ऑक्टोबरातल्या पावसाला लावलेले वायपर,
जे बंद करायचे राहून गेले होते,
एकदम जागे होऊन
कोरडी काच पुसायला लागले,
खर्र खर्र.

पोर्थमडॉगचा बांध येईपर्यंत
दोघांनाही ते बंद करायचं सुचलं नाही.