नवसागर

गल्लीच्या तोंडाशी रज्जब कल्हईवाला भाता मांडून बसे.
तापलेल्या पातेल्यात चिमूटभर पांढरं काही टाकी,
आणि धूर उठला की आम्हा पोरांच्या नाकात
सुई गेल्यासारखं होई.
"काय आहे हे?"
"नवसागर, बेटा."
मी घरी येऊन नकाशात शोधला.
अरबी होता, बंगालचा होता, हिंदी होता.
नवा कुठेच नव्हता.

आता तोच वास माझी नोकरी आहे.
कबीटखेडीच्या पुढे, नाल्याच्या वळणावर,
अख्ख्या इंदूरनं रात्री उठून, दिवा न लावता,
अर्धवट झोपेत जे केलं
ते सकाळी सहाला माझ्या परीक्षानळीत येतं.
मी थेंब टाकते. पिवळं होतं.
हळदीइतकं असेल तर ठीक.
गेरूकडे झुकलं की बनेसिंगला हाक मारायची.

हवेच्या टाकीत जी राहतात
त्यांना लांबलचक लॅटिन नावं आहेत.
मी त्यांना मंडळी म्हणते.
पहिल्या वर्षी देवासहून टँकरनं आणली,
शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तशी,
वाटी तेवढी बारा हजार लिटरची.
आणि विरजणासारखाच स्वभाव:
घाई चालत नाही,
थंडीत लागत नाही.

जानेवारीत, पारा चारवर असताना,
ब्लोअरचा पट्टा तुटला.
बुडबुडे थांबले. इतकं शांत झालं
की पलीकडे गव्हाला पाणी देणारी मोटर ऐकू आली.
पट्टा पोलोग्राउंडच्या गोदामात,
गोदामाची किल्ली ज्याच्या खिशात
तो सासुरवाडीला, महूला.
उजाडलं तेव्हा नळी गेरूची.
दुसऱ्या दिवशी पट्टा फिरत होता, नळी तरी गेरूचीच.
तिसऱ्या दिवशी वीट.

वरून फोन आला, काही औषध टाकता येतं का?
म्हटलं, चुना टाकलाय. गाळ उपसणं थांबवलंय.
"आणि?"
आणि वाट बघतोय.
अहवालात याला रकाना नाही.

रात्री बनेसिंग घोंगडी पांघरून कठड्याशी उभा राही,
गोठ्यात व्यायलेली म्हैस बघावी तसा
टॉर्चचा उजेड पाण्यावर न टाकता, बाजूला धरून.
"खा लो," म्हणे, "धीरे-धीरे खा लो."
मला हसू येई, आणि मीही
दार न वाजवता आत जाई.

सातव्या दिवशी वीट फिकी पडली.
नवव्या दिवशी हळद.
पुढच्या टाकीत आम्ही मुद्दाम हवा देत नाही.
तिथली मंडळी वेगळी, श्वासासाठी
पहिल्यांनी केलेलं मोडून खाणारी,
आणि मोडताना बारीक बुडबुडे सुटतात.
बनेसिंगला सांगितलं,
ही साधी हवा. आपण छातीत भरतो
तिच्या पाच वाट्यांतले चार वाटे हेच.
त्यानं खोल श्वास घेतला, विचार केला.
"तो फिर इतना झंझट काहे का, मैडम?"

थोडं पाणी टँकरनं बगिच्यांना जातं,
बाकीचं कान्हमध्ये,
जिला शाळेत असताना आम्ही नुसतं नाला म्हणायचो.
तिथे उभी राहिले की हिशेब लागतो:
हे नर्मदेचं पाणी. निघालं होतं पश्चिमेला.
आम्ही ते पंपांनी घाट चढवून वर आणलं,
त्याचा चहा केला, त्यानं केस धुतले,
ते अंगातून जाऊ दिलं,
आणि सोडलं उत्तरेला: क्षिप्रा, चंबळ,
यमुना, गंगा.
अरबी समुद्राची वाट धरलेलं
बंगालच्या उपसागराला पोचेल,
पोचलं तर.
रज्जबमियाँ, तुमचा धूर मला आत्ता समजतोय.

सोळा जानेवारी, सकाळी सहा.
अमोनिया एक पूर्णांक चार. रंग फिका.
ब्लोअरचा जादा पट्टा मागवला आहे.
मंजुरी यायची आहे.