थर्माकोल

निंबा भदाणे स्वतःच्याच खुर्चीची जागा तीनदा बदलतो.
"खिडकी माझ्या पाठीमागे घेऊ नकोस, मी काळा दिसेन."
मग थांबून,
"की तुला काळाच पाहिजे?"

नंदुरबारात, टायरच्या दुकानामागे, पत्र्याच्या दोन खोल्या.
परदेशातून मिळालेली ट्रॉफी रांजणावरच्या झाकणावर ठेवलेली,
मांजर येतं म्हणून.
अकरा टायपरायटर विकून त्यानं सिनेमा काढला.
इन्स्टिट्यूटची पाटी अजून आहे:
इंग्रजी तीस, मराठी तीस, चाळीस.
धुळ्यात दुसऱ्या खेळाला पडदा फाडला,
त्याच्या कानावर टाके पडले,
ते तो मान वळवून दाखवतो, क्लोजअपसाठी,
"थोडं डावीकडून घे."

मी विचारायला आलोय ते चार मिनिटांचं.

मिरचीची पथारी. लाल, नजर पोचेल तिथवर लाल.
मध्यभागी भुराबाई, तोंडावरचा फडका सुटलेला,
रडतेय.
कट नाही. चार मिनिटं, सोळा सेकंद.
लोक म्हणाले, काय अभिनय आहे.
मग लोकांना कळलं,
की तिच्या पोराला बॅटऱ्या आणायला दोंडाईच्याला पाठवलं होतं
आणि तो ट्रकखाली आला होता,
आणि हे तिला कॅमेरा चालू असताना सांगितलं.

अश्फाक मन्यार, एसटीडी बूथवाले,
आता त्याच गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात:
"सव्वाबाराला फोन आला. मी पळत गेलो.
भदाणे साहेबांच्या कानात सांगितलं.
ते म्हणाले, बरं."

शॉट चार वाजताचा आहे.
सावल्या मोजल्यात मी.

विचारलं. बराच वेळ त्यानं नखातला मळ काढला.
पत्र्यावर एक कावळा चालला, इकडून तिकडे,
माईकवर ते फार मोठं ऐकू येतं.
"बारा वाजता पथारीवर ऊन सपाट असतं," तो म्हणाला.
"तोंडाला तोंडपण राहत नाही."
नंतर हात वर केला, "कट."
मी केलं नाही.
त्यालाही ते माहीत होतं. लाल दिवा बघत
तो तसाच बसला, पाठ ताठ.

भुराबाईच्या गल्लीत गाडी जात नाही.
तो बोळाच्या तोंडाशीच थांबला, बिडी न पेटवता.
आत अंधार, कोंबड्या,
आणि मागच्या कुडाला टेकवलेला थर्माकोलचा पत्रा,
कोपरे टोचून खाल्लेला, पिवळा पडलेला.

"हाऊ मन्हा पोऱ्याना," ती म्हणाली.
"तोच धरे. मन्हा तोंडवर उजेड पाडे.
सिनेमा मी नऊ येळ दखा, नातूना मोबाईलमा.
मन्हं तोंड नही दखस मी.
तोंडवरना उजेड दखस."

आणि मला आठवलं, त्या चार मिनिटांत
तिचा डावा गाल काळा आहे.
समीक्षकांनी त्या काळेपणावर पानं लिहिली.
धरणारा नव्हता, एवढंच.

"आते बी उजेड कमी शे ना?" तिनं विचारलं.
मी हो म्हणालो.
ती दारात गेली, बोळाकडे ओरडली,
"बाहेर काब्र हुभा शे? घरमा ये."

तो आला. वाकून आला, दार बुटकं आहे.
तिनं पत्रा त्याच्या हातात दिला.
सत्तरीचे हात,
उजेड तिच्या कपाळावर, मग भिंतीवर, मग कोंबडीवर,
पुन्हा गालावर.

"हालू नको," ती म्हणाली.
"मन्हा पोऱ्या हालवे नही."

त्याच्या घशातून काहीतरी आलं, ठसका असेल,
मिरचीचा हंगाम आहे, गावभर असतो.
मी कॅमेरा खाली घेऊ लागलो.
पत्र्याआडून त्याचा आवाज:
"अरे, बघतोस काय. जवळ जा तिच्या.
चालू ठेव."