गोल टोकाचं जाड अक्षर

सेलूच्या स्टँडमागं माझं फ्लेक्सचं दुकान.
संगणकात आठशे फाँट,
गिऱ्हाईक मात्र काचेवर बोट टेकून म्हणतं,
"ते द्या, फुगलेलं."

फुगलेलं नाही हो,
जेवून उठलेलं आहे ते.
काना जाड, शेंडे घासलेले,
वेलांटीचं टोक म्हणजे वासराचं शिंग, अजून न फुटलेलं.
आणि ठ तर नुसता बसलाय
रांजणासारखा.

खाजामियाँ पेंटर हे अक्षर हातानं काढायचे.
ब्रश झिजलेलाच लागायचा; नवा आणला
की आधी ओट्याच्या दगडावर घासून त्याची ऐट मोडायचे.
म्हणायचे, "कोना मत छोड, बेटा. कोने में धूल बैठती."
आमच्याकडं धूळ म्हणजे
मार्च ते जून घरातलंच माणूस.

जिंतूरच्या गाडीतून, पळत्या खिडकीतूनही ते वाचता येतं.
बर्फगोळ्याच्या गाड्यावर शोभतं,
पिठाच्या गिरणीवर, टँकरच्या पोटावर,
बाळंतिणीच्या दवाखान्यावर.
वकिलाच्या पाटीला नको,
फी कमी असल्यासारखी वाटते.
श्रद्धांजलीला तर नकोच :
श्र आणि द्ध, दोघांच्याही पोटातली हवा संपते,
गेलेला माणूस पुन्हा गुदमरतो.

एकदा कालव्यावर लावायला पाटी आली.
धोका. खोल पाणी.
घाईत हेच अक्षर लाल स्टिकरमधून कापलं,
पत्र्यावर चिकटवलं.
आठ दिवसांनी गेलो तर
पाटीवर चड्ड्या वाळत घातलेल्या,
एक शेळी 'ध'ला अंग घासत उभी,
आणि पाण्यातलं सगळ्यात बारकं पोरगं ओरडलं,
"काका, ह्यो धोका तुमी काढला का? लई भारी हाय!"

रात्री खाजामियाँकडं गेलो.
मोतीबिंदूमुळं त्यांना आता जाड तेवढंच दिसतं.
मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला.
काच बोटानं चाचपत राहिले,
जसा काही रंग ओला असावा.
"अच्छा है. लेकिन ये डाँटता नहीं."
मग बऱ्याच वेळानं, मराठीत :
"मला तरी कुठं जमलं रागावणं."

पाटी बदलली.
टोकदार अक्षर, एकेक कोपरा विळ्यासारखा.
पोरं आता पलीकडच्या काठानं उतरतात.

परवा ते बारकं दुकानात आलं.
नाव विचारलं तर म्हणे लिंबराज.
कोपऱ्यातल्या जुन्या पत्र्याकडं बघत
एका पायावरून दुसऱ्या पायावर.
"तो धोका द्या की. आमच्या गोठ्याला दार नाही."

दिला.
डोक्यावर घेऊन गेलं, उन्हात,
मागून नुसतीच अक्षरं चालल्यासारखी.
आता त्यांच्या गोठ्याच्या तोंडाशी लिहिलेलं आहे
धोका, खोल पाणी.
आत दोन शेळ्या आणि कडब्याची एक पेंढी.