सात नंबरचा भोंगा

अकरा भोंगे, नऊ रात्री.
पावतीबुकात एवढं लिहून मी थांबलो,
कारण पुढचा रकाना कार्यक्रमाचा.
लग्न? नाही. भागवत? नाही.
मंडईचं नाटक? मंडई तर मागच्या पंधरवड्यात उरकली.
उर्वी टेंभुर्णे, ड्रॉइंगच्या मास्तरांची पोट्टी,
बडोद्याहून मूर्ती सोडून भलतंच काही शिकून आलेली,
म्हणाली, "लिहा काका, तलाव बोलणार आहे."
मी लिहिलं : इतर.

तीस वर्षं आहे मी या धंद्यात.
वडशापासून साकोलीपर्यंत
खलनायकाचं हसू तीन गावांपलीकडं न्यायचं
तर भोंग्याचं तोंड कोणत्या चिंचेकडं फिरवायचं
हे मला विचारा.
हिनं भोंगे पाळीवर लावले, गुडघ्याएवढ्या उंचीला,
बांबूच्या तिकाटण्यांवर.
"एवढे खाली कायले?"
"माणसानं वाकावं म्हणून."
प्रत्येकाची वायर पाण्यात,
टोकाला मेणात बुडवलेली चकती,
वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डातून काढलेली.

भर दुपारी सुरू केलं.
वाटलं, शॉर्ट आहे.
टिक. टिकटिक.
फुटाणे भाजावेत तसं, पण ओलं.
"चिला आहे, काका. ऊन पिऊन श्वास सोडते."
पाण्याखालचं गवत बोलतं
असं कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं
तर मी त्याला जळका अॅम्प्लिफायर विकला असता.

रात्री दोन नंबरात शिंगटा करकरला,
नाटकातल्या भुताच्या दारासारखा,
पोरं हसून लोळली.
पाच नंबरात पाणकिडे,
नऊ नंबरात कुणीतरी मोठं, सावकाश वळणारं.
"मरळ," जनकाबाई वलथरे म्हणाली,
विडी न काढता.

सात नंबर गप्प.
माझा माल असा गप्प बसत नाही.
वायर बदलली. चकती बदलली.
शेवटी सातचा भोंगा चारवर नेला
आणि चारचा सातवर आणला.
सातचा चारवर बोलू लागला,
चारचा सातवर मुका झाला.
घाम आला मला, डिसेंबरात.

जनकाबाईनं डोंग्यातला बांबू घेतला,
एक टोक पाण्यात सोडलं,
दुसरं कानामागच्या हाडाला लावलं,
डोळे मिटले.
"हे आमचं मशीन," उर्वीकडं न बघता म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
"इथं कोनी नाई गा.
तुडुमापाशी पोकलेन चालली त्या साली
गाळासंगं मुळ्याबी गेल्या.
आता निसती बेशरम.
तुहा भोंगा बरा आहे."

तिसऱ्या रात्रीपासून
लोक सात नंबरापाशीच बसू लागले.
कुणी सांगितलं नव्हतं.
दोन नंबरात करकर चालू, तिकडं पोरंसुद्धा नाहीत.
ती शांतता माझ्या ओळखीची.
नट भर रंगात वाक्य विसरतो,
हजार माणसं श्वास धरतात,
आणि विंगेतून कुणीतरी हळूच शब्द पुरवतं.
इथं विंगेत कोण होतं?
मी मुख्य बटणावर हात ठेवून
नुसता बसून राहिलो.

हिशेबाला मी दहाच भोंग्यांचे पैसे लावले.
तिनं अकराचे मोजले.
"मुख्य पात्राचं भाडं कापता, काका?"

जेठात जनकाबाईच्या बायका
शेजारच्या तलावातून पोती भरून चिला आणून
कमरेएवढ्या चिखलात उभ्या राहून
भाताच्या रोवणीसारखी लावत गेल्या, तुडुमापासून मागं सरकत.
बेशरम उपटून पाळीवर टाकलेली,
ती तिथंही हिरवी.

उर्वी तोवर कुठल्या परदेशी गावी गेली होती.
मी आश्विनात गोदामातून भोंगा काढला,
जुनी बॅटरी, तीच चकती.
बायकोला सांगितलं, टेस्टिंग आहे.
चार रविवार वाकून बसलो.
काही नाही.
पाचव्या रविवारी, बाराच्या उन्हात,
एकदा
टिक.

लूज वायर असेल.
मी वायरीला हात लावला नाही.