उपडी नाव

चर्च जळालं ते मेणबत्तीने,
वादळाने नव्हे. वादळाला उगाच बोल नको.
मी तेव्हा नऊ वर्षांची.
पाद्री अन्सेल्मो वर्षातून एकदा यायचे, तेही
समुद्राची मर्जी असली तर.
राखेत उभे राहून म्हणाले, देवाला घर हवं,
आणि भरतीच्या आत परत निघाले.

चिलोएच्या आमच्या त्या बेटावर घरं होती, नव्हती असं नाही,
पण ती कुणी कधी उभारली ते कुणाला आठवत नव्हतं,
आम्ही नुसती ठिगळं लावत आलेलो.
सगळे रेमिहियोमामाच्या दारात गेले.
मामा रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला,
"घर मला येत नाही.
देवाचं नावही धड घेता येत नाही,
प्रार्थना अर्ध्यात विसरतो, तुम्ही ऐकलंय.
मला फक्त नाव बांधता येते."

"मग नावच बांध की," दोमितिला म्हणाली.
तिच्याजवळ बटाटे होते. तिने बटाटे आणले.

मामाने माळावर कणा टाकला.
सायप्रसच्या बरगड्या वाफेवर धरून वाकवल्या,
खिळे नव्हते, लाकडाच्या खुंट्या ठोकल्या.
गुमेर्सिंदोला ओरडण्याखेरीज काहीच येत नसे;
बायकोनेही त्यापायी घर सोडलेलं.
नाव उलटी करून खांबांवर चढवायच्या दिवशी
सत्तर माणसांनी एका दमात जोर लावला
तो त्याच्याच आवाजावर.

पण हे नंतरचं. त्याआधी
मामा सवयीने कलफात करायला बसला,
झाडाची साल कुटून, पिळून,
फटीफटीत ठासत.
कुणी हसलं : अरे, हे छप्पर आहे, तरंगायचं नाही.
मामा म्हणाला, "पाणी खालून आलं काय,
वरून आलं काय, पाणीच."

टोकाशी, जिथे फळ्या निमुळत्या होऊन
एकमेकींना भेटतात,
तिथे मोठ्या माणसाचा हात शिरेना.
मी सकाळपासून रडत होते, कारण
भावाने लोकर आणली, बहिणीने शिंपले,
माझ्या वाट्याला काही उरलंच नव्हतं.
मामाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे.
"इकडे ये गं, ओतिलिया."

पुढच्या वर्षी पाद्री आले, ओलेचिंब.
वर पाहत राहिले, बरगड्या मोजल्या असाव्यात.
"रेमिहियो, ही तर नाव आहे."
"उपडी आहे, फादर. बुडायची भीती नाही."
पाद्री काही बोलले नाहीत.
टोपी काढून बाकावर ठेवली,
फक्त तिच्यातूनच पाणी गळत होतं.

मामा गेला, त्यालाही खूप वर्षं झाली.
शवपेटीही कुणी दुसऱ्यानेच केली, तिरकी झाली.
मी आता चौऱ्याहत्तरची,
बोटं मुळांसारखी गाठाळ,
कुठल्याच फटीत शिरायची नाहीत.
रविवारी पाऊस असतो. बहुतेक रविवारी असतोच.
सगळे वेदीकडे बघतात, डोळे मिटतात.
मी त्या टोकाकडे बघते,
अंगठा आपोआप काहीतरी दाबू लागतो.
कोरडं आहे.
अजून कोरडं आहे.
एवढ्यात आमेन म्हणायचं राहूनच जातं.