सहावं बटण

पंखा फिरत नाही म्हणून फोन आला होता,
नव्या पेठेतून, गांजवे चौकाच्या अलीकडे,
वाचनालयाच्या वरचा हॉल.
कंडेन्सर गेलेला. सोहेलला पिटाळलं पासोड्या विठोबाला.
तासाभरात येतो म्हणाला,
म्हणजे दीड.
मी शिडीच्या खालच्या पायरीवर टेकलो.

हॉलमध्ये अकरा माणसं, लिनोचे तुकडे बारा.
"सुखटणकर आलेच नाहीत,"
केसांत पेन्सिल खोचलेल्या बाई म्हणाल्या,
"पैसे भरलेत त्यांनी. वाया जाईल. बसताय?"
पुण्यात फुकट काही मिळालं की
माणूस आधी भिंतीवर पाटी शोधतो, अटी काय आहेत.
पाटी नव्हती. बसलो.

तुकडा करडा, पोस्टकार्डाएवढा.
गार असला की नीट कापत नाही,
म्हणून जरा वेळ मांडीखाली घ्यायचा.
अकरा शहाणी माणसं अंडी उबवत बसलेली,
बारावा मी.
शेजारच्या फडणीसबाई, रिटायर्ड भूलतज्ज्ञ,
म्हणाल्या, एवढं तर मला जमतंय.

मग ते पन्हळीसारख्या धारेचं हत्यार हातात आलं
आणि हात म्हणाला, अरे, हे तर आपलंच.
बत्तीस वर्षं भिंतींत झिऱ्या मारतोय.
छिन्नी, हातोडी, विटेचा धुरळा,
पाईप, वायर, वरून सिमेंट, मग पुट्टी, मग रंगारी.
कोथरूडपासून कोंढव्यापर्यंत माझं काम पसरलंय
आणि कुणाच्या नजरेला पडत नाही.
पडलं, तर काम वाईट.

इथे बाई सांगत होत्या,
जे कोराल ते पांढरं राहील. तेच दिसेल.
मी दोनदा विचारलं.
"लिंपायचं नाही?"
"नाही."

फडणीसबाईंनी मोर घेतला. एका पोराने पावभाजीचा तवा.
मला न बघता एकच गोष्ट काढता येते: बोर्ड.
सहा बटणं, एक सॉकेट, रेग्युलेटर.
सहावं बटण कशालाच जोडलेलं नसतं.
लोक विचारतात, पवळे, हे कशाचं?
मी सांगतो, असू दे, पुढेमागे लागेल.
मग ते लावून बघतात, बंद करून बघतात,
खिडकीबाहेरसुद्धा बघतात.
ते सहावं मी चालू ठेवलं.
खाली नाव कोरलं.

शाई काचेवर रोलरने फिरवायची
आणि ऐकायची.
जास्त झाली तर चपचप,
बरोबर झाली की ओल्या रस्त्यावरून
लांब कुठे सायकल गेल्यासारखी.
बेअरिंग ऐकतो तसा कान लावला.
सायकल गेली.

यंत्र वगैरे नाही. वर कागद,
आणि भाताच्या लाकडी चमच्याची पाठ,
गोल गोल, कोपऱ्यांत जरा जोर.
मग एक टोक धरून उचलला.

सगळं उलटं. सहावं बटण पहिलं झालेलं,
आणि 'पवळे' उजवीकडून डावीकडे,
फेज-न्यूट्रल बदलल्यासारखं.
तवावाला हसला. मीही.
पण झिऱ्या होत्या. एकूण एक.
जिथे हत्यार निसटलं होतं, तीसुद्धा.

"मामा, काय करताय?"
सोहेल दारात, कंडेन्सर हातात.
कागद लपवावा की दाखवावा, कळेना.

पंखा लावला तर पाचवर होता,
दोरीवरचे बारा कागद चिमट्यांसकट आडवे झाले,
मोर फडणीसबाईंच्या चष्म्यावर.
रेग्युलेटर दोनवर आणला.

बिल केलं. कंडेन्सर नव्वद.
मजुरीपाशी पेन अडलं.
दोनशे लिहिले, खोडले,
पुन्हा लिहिले, सोहेलला द्यायचे होते.
खाली कार्बन, कार्बनखाली दुसरी प्रत,
तिच्यावरही तेच खोडलेलं.
पुस्तक अंगठ्याने दाबून धरलं होतं,
अंगठा उचलला तर तिथे
काळा, ओला, अख्खा ठसा.

"सही राहू दे आता," बाई म्हणाल्या.
मी केली.
सुलट अक्षरांत.