मूठ

बाबांच्या नाकाशी आता नळी असते.
कोपऱ्यात यंत्र घुमतं.
सांडेफ्यूरची थंडी काचेला ओठ लावून बसलेली.
ते विचारतात, ऑस्लोत दिवसभर करतेस काय?

एक मूठ बघते, मी म्हणते.
एकशे त्रेपन्न मण्यांची माळ,
आठ ठिकाणी पीळ पडलेली,
पिळावर पीळ दुमडून झालेली मूठ.
आत लोहाचा एक कण,
त्यावर प्राणवायू,
खुंटीवर टोपी अडकवावी तसा.
त्र्याण्णवावा मणी लोहाला मागून धरतो,
चौसष्टावा समोर उभा,
नको त्या वायूने जागा बळकावू नये म्हणून.

कुणाची मूठ?
देवमाशाची.

बाबा गप्प.
सतराव्या वर्षी ते दक्षिणेच्या बर्फात गेले होते,
हातात लांब दांड्याचा सुरा.
मांस लाल नसायचं, ते म्हणतात,
काळं, दौतीतल्या शाईसारखं.
नखांतून आठवडाभर निघायचं नाही.

ते काळेपण म्हणजे याच मुठी, बाबा.
सगळ्यांच्या अंगावर एकाच जातीचा भार,
एकमेकींना रेटत राहतात,
म्हणून एवढ्या दाटीतही गुठळी होत नाही.
तासाभराचा श्वास त्यांनी वाटून घेतलेला असतो.

म्हणजे आम्ही श्वास कापत होतो.

मी कॉफी ओतते.
आता मासा लागत नाही, घाईने सांगते,
जीवाणूंना कृती लिहून दिली
की रात्रीत बनवतात, चंबूभर, लालभडक.
बाबा हसतात. हसू खोकल्यात बुडतं.

मग चित्र मागतात. चष्मा पुसतात.
अर्ध्या तुटक्या नखाने
पिळांवरून चाचपत जातात,
जहाजाच्या बुडाला चीर शोधावी तसे.
आत जायला दार कुठंय?

दार नाही.
पहिल्या वर्षी मीही इथेच अडकले होते.
उणे एकशे सत्तरला गोठवलेला स्फटिक,
क्ष-किरणांनी काढलेलं चित्र,
त्यात फटसुद्धा नाही.
पण जिवंतपणी ती स्वस्थ नसते, बाबा.
पीळ थरथरतात,
निमिषाच्याही निमिषापुरती भेग पडते,
तेवढ्यात वारा आत. तसाच बाहेर.

मग तुझं चित्र मेलेल्याचं, ते म्हणतात,
आणि कागद परत देतात,
नीट घडी घालून.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असेल, जमिनीवर.
हजार मीटर खाली
ती वेळेवर उघडली नाही
तर सव्वा लाख घेऊन तळाशीच राहायचं.

रात्री त्यांच्या बोटावर चिमटा, त्यात तांबडा दिवा.
तो दुसऱ्याच मुठी मोजतो,
रक्तातल्या, चार-चारच्या जुडीने हिंडणाऱ्या.
त्या साठवत नाहीत, फक्त पोचवतात.
त्यांच्याबद्दल बाबांनी विचारलं नाही.
अठ्ठ्याऐंशी.
सत्त्याऐंशी.
नळी सरकलीय, मी सारखी करते.
अठ्ठ्याऐंशी.

सकाळी विचारतील, किती होता?
नव्वद सांगेन.